घळीच्या उगमाशी वसलेले गाव : सँड कॅन्यन, इ. स. १२५० ते १२८०

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात कड्यांच्या कपारींत बांधलेल्या दगडी घरांची छायाचित्रे अनेकांनी पाहिली असतील. त्या छायाचित्रांखाली बहुधा एक ठरावीक ओळ असते: हे लोक तेराव्या शतकाच्या अखेरीस गूढरीत्या नाहीसे झाले. प्रत्यक्षात कोणी नाहीसे झाले नाही. त्यांचे वंशज, म्हणजे आजचे पुएब्लो लोक, न्यू मेक्सिकोतील रिओ ग्रांदे नदीकाठच्या गावांत, अ‍ॅकोमा व झुनी येथे आणि अ‍ॅरिझोनातील होपी वस्त्यांत राहतात. म्हणून विचारायचा प्रश्न वेगळा आहे. सहा शतके ज्या जमिनीवर शेती केली, ती सोडण्याचा निर्णय एका गावापुढे कसा आला, आणि तो येण्याआधी कोणते निर्णय होऊन गेले होते?

त्यासाठी मी मेसा व्हर्डे पठाराच्या कपारीतले, सर्वांना ठाऊक असलेले क्लिफ पॅलेस निवडलेले नाही. येथे घेतलेले गाव मेसा व्हर्डेच्या वायव्येला, आजच्या कोलोरॅडो राज्यातील कोर्तेझ शहराजवळ आहे. संशोधक त्याला सँड कॅन्यन पुएब्लो म्हणतात. गावाचे मूळ नाव किंवा तेथील एकाही रहिवाशाचे नाव उरलेले नाही. लेखी पुरावाही नाही. भिंती, उकिरडे, हाडे, परागकण आणि छताची लाकडे एवढाच आधार आहे. त्यामुळे खाली ज्यांना 'पर्याय' म्हटले आहे, ते लोकांनी जे केले आणि जे केले नाही त्यावरून मागे जाऊन मांडलेले आहेत, हे आधीच सांगितलेले बरे.

पार्श्वभूमी

हा प्रदेश समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार मीटर उंचीवर आहे. पठारावर वाऱ्याने आणून टाकलेल्या तांबूस मातीचा जाड थर आहे आणि ती माती ओल चांगली धरून ठेवते. नदीचे पाणी शेतीला घेण्याची सोय नव्हती. शेती कोरडवाहू होती आणि ती दोन वेगवेगळ्या पावसाळ्यांवर चालत असे. हिवाळ्यात पडलेला बर्फ वसंतात वितळून मातीत मुरला की त्या ओलीवर मका उगवायचा, आणि जुलै-ऑगस्टच्या सरींवर कणीस भरायचे. यातले एक चुकले तर पीक निम्म्यावर येई आणि दोन्ही चुकली तर हाती काहीच लागत नसे. शिवाय इतक्या उंचीवर वसंतातली शेवटची आणि शरदातली पहिली गोठवणारी थंडी यांच्यामधला काळ मक्याला जेमतेम पुरतो. बी खोल टोकायचे, म्हणजे ते ओलीपर्यंत पोहोचते, ही पद्धत होपी शेतकरी आजही पाळतात.

मका, घेवडा आणि भोपळा ही त्यांची तीन पिके. आपल्या स्वयंपाकघरात मुरलेल्या या तीन गोष्टी अमेरिका खंडातून निघून सोळाव्या शतकानंतर आपल्यापर्यंत आल्या, हे जाता जाता आठवते. तेथे मात्र मका हे जवळजवळ संपूर्ण जेवण होते. हाडांच्या रासायनिक तपासणीवरून अन्नाचा फार मोठा भाग एकट्या मक्यातून येत होता असे दिसते. अभ्यासक हिशेबासाठी माणशी वर्षाला साधारण १६० किलो मका धरतात. पाचशे माणसांच्या गावाला त्या मानाने वर्षाला ८० टन मका लागतो, आणि एखादे वर्ष बुडणार हे गृहीत धरून कणग्यांत त्याहून अधिक साठा असावा लागतो. हे सारे टोकण्याच्या काठीने पेरायचे आणि माणसाच्या पाठीवरून घरी आणायचे. ओझ्याचे जनावर नव्हते, चाकाची गाडीही नव्हती.

बाराव्या शतकापर्यंत आणि तेराव्याच्या पूर्वार्धातही या परिसरात बहुतेक कुटुंबे आपापल्या शेताजवळ विखुरलेली राहत. चार-सहा खोल्या, समोर जमिनीत खोदलेला एक गोल किवा, त्याच्यापुढे उकिरडा, असे एकेक घरकुल असे. किवा म्हणजे केवळ देवघर अशी समजूत आहे, ती या काळापुरती तरी अपुरी आहे. लहान किव्यात चूल होती, हवा खेळवणारा झरोका होता, चुलीपुढे वारा अडवणारा दगड होता. थंडीत कुटुंब तेथेच राही आणि विधीही तेथेच होत. मेसा व्हर्डे परिसराची एकूण लोकसंख्या तेराव्या शतकाच्या मध्यास वीस हजारांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असावी असे अंदाज आहेत.

अडचण

१२५०च्या सुमारास चित्र बदलले. शेताजवळची घरकुले सोडून कुटुंबे घळींच्या उगमाशी, झऱ्यांभोवती, एकत्र येऊ लागली. वालुकाश्मातून झिरपणारे पाणी खालच्या घट्ट थरावर अडते आणि कड्याच्या पायथ्याशी बाहेर पडते. असा बारमाही झरा जेथे होता, त्याला मिठी घातल्यासारखे सँड कॅन्यन गाव उभे राहिले. सुमारे ४२० खोल्या, ९० किवे, १४ बुरूज, एक मोठा सामुदायिक किवा, 'डी' अक्षराच्या आकाराची एक दुहेरी भिंतींची इमारत, आणि या सगळ्याला वेढणारी दगडी भिंत. वस्ती ४०० ते ६०० माणसांची असावी. किव्यांची संख्या पाहता जवळजवळ प्रत्येक कुटुंबाने आपला स्वतंत्र किवा या नव्या जागीही बांधला होता. म्हणजे राहायला एकत्र आले, तरी घरकुलाची जुनी मांडणी त्यांनी मोडली नाही.

वेढणारी भिंत गावाच्या बांधकामातील अगदी आरंभीच्या कामांपैकी आहे, ही उत्खननातून पुढे आलेली गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. घरे हळूहळू वाढली आणि शेवटी त्यांना कुंपण घातले, असे झालेले नाही. सीमा आधी ठरली आणि घरे तिच्या आत भरत गेली. पाणी आत राहिले, शेते बाहेर राहिली.

लोक नेमके कशाला घाबरले होते? पावसाची मोठी तूट तेव्हा अजून पंचवीस वर्षे दूर होती. परंतु बाराव्या शतकाच्या मध्यातला दुष्काळ आणि त्या काळातील हिंसाचार तीन-चार पिढ्यांपूर्वीचाच होता. लोकसंख्या वाढली होती, चांगली जमीन वाटली गेली होती, जवळची हरणे शिकारीने घटली होती. शतकाच्या मध्यापासून थंडी वाढल्याच्या आणि बर्फ-पावसाचा दुपदरी क्रम बेभरवशाचा झाल्याच्या खुणा झाडांच्या वर्षवलयांत, म्हणजे खोडात दर वर्षी भरणाऱ्या कड्यांत, सापडतात. त्याच वेळी आग्नेयेला, रिओ ग्रांदेच्या खोऱ्यात, उन्हाळी पावसाचा क्रम बऱ्यापैकी टिकून होता. ही तफावत तेथे जाऊन-येऊन असलेल्या माणसांच्या नजरेतून सुटली नसावी.

दुसरी अडचण अंगणातली होती. टर्की हा पक्षी तेथे आधी मुख्यतः पिसांसाठी पाळला जाई. पिसे दोरीत गुंडाळून त्यांची उबदार पांघरुणे विणत. हरणे कमी झाल्यावर मांसासाठीही त्याच्यावरच भिस्त आली. मक्याच्या प्रथिनांत शरीराला लागणारे काही घटक फार कमी असतात आणि ती उणीव घेवडा किंवा मांस भरून काढते. टर्कीने ती भरली खरी, पण टर्कीला दाणे मक्याचेच घालावे लागत. वरवर पाहता अन्नाचे दोन आधार होते. प्रत्यक्षात दोन्ही एकाच शेतावर उभे होते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय विखुरलेले राहण्याचा होता. शेत जवळ, वाहतूक कमी, आणि एका घराच्या शेतावर पाऊस चुकला तरी दोन कोस पलीकडच्या नातेवाइकाच्या शेतावर पडलेला असण्याची शक्यता. या भागात सरी तुकड्यातुकड्याने पडतात, त्यामुळे विखुरणे हाच एक विमा होता. पण एकट्या घरकुलावर हल्ला झाला तर बचाव शक्य नव्हता.

दुसरा पर्याय प्रत्यक्षात निवडला गेला: झऱ्याभोवती एकत्र येणे. पाणी आणि संरक्षण दोन्ही मिळाले. त्याची किंमत अशी की दूरची शेते कसणे अवघड झाले, जवळची शेते थकू लागली, सरपणासाठी लांब जावे लागले, आणि प्रत्येक मोठ्या गावाने आपल्या आसपासच्या जमिनीवर हक्क पक्का केल्यावर पीक बुडालेल्या माणसाला दुसऱ्याच्या शिवारात जागा मिळणे कठीण झाले. पुरातत्त्वज्ञ कार्ला व्हॅन वेस्ट यांनी वर्षवलयांवरून वर्षावर्षाची मातीची ओल काढून या परिसराचे संभाव्य मक्याचे उत्पादन मोजले. त्यांचा निष्कर्ष असा की अगदी वाईट वर्षांतही प्रदेशात बऱ्याच माणसांना पुरेल एवढा मका पिकू शकत होता, मात्र लोकांना हिंडण्याची आणि जेथे पिकले तेथे पोहोचण्याची मोकळीक असती तर. अट नेमकी तीच होती, आणि भिंतीने ती काढून घेतली.

तिसरा मार्ग पाणी अडवण्याचा होता. तो माहीत नव्हता असे नाही. मेसा व्हर्डेच्या पठारावर ओहोळांत आडव्या रचलेल्या दगडी तालींची संख्या हजारांत आहे. त्यांमागे गाळ साठून लहान लहान शेते तयार होत. परंतु तालीला अडवायला आधी पाणी वाहून यावे लागते. जेथे बर्फच पडला नाही तेथे ताल रिकामीच राहते.

चौथा मार्ग शिकार आणि रानमेव्याकडे परत वळण्याचा. आठ-दहा कुटुंबांना तो काही काळ तारू शकतो; हजारोंच्या वस्तीला शक्य नव्हते.

पाचवा मार्ग जाण्याचा. येथे एक समजूत दूर करायला हवी. बाहेर पडणे ही १२८० मध्ये अचानक सुचलेली गोष्ट नव्हती. या परिसरातून आग्नेयेकडे स्थलांतर शतकाच्या मध्यानंतर चालू झालेले होते, आणि उत्तर रिओ ग्रांदेची लोकसंख्या त्याच काळात वाढत होती. जे आधी गेले त्यांनी मागे राहिलेल्यांसाठी ओळखीची दारे तयार केली. अडीचशे-तीनशे किलोमीटर चालून गेल्यावर कोणाच्या अंगणात ओझे उतरवायचे हे माहीत असणे आणि नसणे, यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

प्रत्यक्षात काय घडले

सुमारे पाव शतक गाव चालले, आणि चांगले चालले असावे. बांधकाम १२७०च्या दशकापर्यंत होत राहिले. गावातील लाकडांच्या वर्षवलयांवरून मिळालेली शेवटची तारीख १२७७ ची आहे. खगोलशास्त्रज्ञ ए. ई. डग्लस यांनी १९२९ मध्ये अ‍ॅरिझोनातील शो लो येथे सापडलेल्या एका जळक्या तुळईच्या आधारे जुन्या लाकडांच्या वलयांची सुटी मालिका आजच्या झाडांपर्यंत जोडली. त्या जोडलेल्या मालिकेत १२७६ ते १२९९ या वर्षांची वलये अरुंद दिसतात आणि तोच 'महादुष्काळ' म्हणून ओळखला जातो. म्हणजे दुष्काळाच्या पहिल्या वर्षानंतरही येथे कोणी तरी लाकूड वापरत होते. लोकांनी लगेच गाशा गुंडाळला नाही.

त्या शेवटच्या वर्षांतील स्वयंपाक पुरातत्त्वज्ञ क्रिस्टिन कुकेलमन यांच्या अभ्यासामुळे आपल्याला जवळून पाहता येतो. त्यांनी दोन ठिकाणचे अवशेष वेगळे ठेवून तुलना केली: वर्षानुवर्षे साठत गेलेले उकिरडे, आणि गाव सुटताना किव्यांच्या जमिनीवर, चुलीत व भांड्यांत जसेच्या तसे राहिलेले शेवटच्या जेवणांचे अवशेष. उकिरड्यांत टर्कीची हाडे आणि मका भरपूर आहे. शेवटच्या थरांत टर्की एकदम घटतो आणि त्याजागी ससे, हरणे व रानटी वनस्पतींचे बी दिसते. घरात मका उरला नाही, तेव्हा टर्कीला घालायलाही उरला नाही, आणि घरातील माणसे पुन्हा रान धुंडाळू लागली. ज्यांनी एवढी भिंत बांधली, त्यांना अन्नासाठी रोज तिच्याबाहेर जावे लागत होते.

१२८०च्या सुमारास गावावर हल्ला झाला. काही माणसांचे सांगाडे किव्यांच्या जमिनीवर व पडक्या छतांवर विधिवत न पुरता पडलेले सापडले आणि त्यांच्या हाडांवर प्राणघातक मारहाणीच्या खुणा आहेत. याच घळीच्या दुसऱ्या टोकाला कॅसल रॉक नावाचे लहान गाव होते. तेथे किमान ४१ जणांचे अवशेष मिळाले आणि ते गावही त्याच सुमारास संपले. हल्लेखोर कोण, याबाबत बाहेरून आलेल्या टोळ्यांचा ठोस पुरावा नसल्यामुळे बहुतेक अभ्यासक शेजारच्या पुएब्लो गावांकडेच बोट दाखवतात. सँड कॅन्यनमधील मृतांची संख्या वस्तीच्या मानाने थोडी आहे. त्यावरून मला असे वाटते की हल्ल्याच्या दिवशी गावातील बरीचशी माणसे आधीच वाटेला लागलेली होती आणि भिंत राखायला पुरेसे हात उरले नव्हते. हा माझा अंदाज आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही.

परिणाम

१२८५ पर्यंत मेसा व्हर्डेचा संपूर्ण परिसर जवळजवळ रिकामा झाला. घरांत वापरण्याजोगी मडकी, पाटे-वरवंटे तसेच राहिले. शेजारच्या गावी जाणारा माणूस पाटा घेऊन जातो; पाठीवर मूल आणि बियाणे घेऊन पंधरा-वीस दिवस चालणारा माणूस पाटा सोडून जातो.

हे लोक कोठे गेले याचा एक नमुनेदार पुरावा २०१७ मध्ये टर्कीच्या हाडांतूनच मिळाला. रिओ ग्रांदेजवळील तेवा खोऱ्यात १२८० नंतर सापडणाऱ्या टर्कींचा मातृवंश, म्हणजे आईकडून येणारा जनुकीय वारसा, मेसा व्हर्डेच्या टर्कींशी जुळतो. त्याआधीच्या तेथील टर्कींचा तसा जुळत नाही. पक्षी एकटे चालत गेले नसणार. पुरातत्त्वज्ञ स्कॉट ऑर्टमन यांनी भाषा, शरीररचना आणि वस्त्यांची वाढ एकत्र ठेवून तेवा भाषा बोलणाऱ्यांचे पूर्वज मोठ्या प्रमाणात याच परिसरातून आले असा युक्तिवाद केला आहे. वंशजांच्या दृष्टीने ही जागा 'ओसाड' नाहीच. पूर्वज तेथे अजूनही आहेत असे ते मानतात. या पूर्वजांसाठी वापरला जाणारा 'अनासाझी' हा जुना शब्दही त्यांनी नाकारला. तो शेजारच्या नव्हाहो लोकांच्या भाषेतला असून त्यात 'शत्रूंचे पूर्वज' असा अर्थ येतो, आणि स्वतःच्या आजोबांना परक्याने दिलेले असे नाव कोण चालवून घेईल?

निर्णयाच्या जागा, आणि वेगळे काय करता आले असते

या प्रकरणाची मांडणी सहसा 'दुष्काळ आला आणि लोक गेले' अशी एका वाक्यात होते. माझ्या मते निर्णयाच्या जागा तीन होत्या आणि पहिल्या दोन दुष्काळाच्या आधीच्या आहेत.

पहिली जागा १२५०च्या आसपासची, भिंतीची. एकत्र येणे आणि शिवार बंद करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झऱ्याभोवती राहूनही शेजारच्या गावांशी शेतांची, साठ्याची, पाहुणचाराची देवघेव मोकळी ठेवता आली असती. व्हॅन वेस्ट यांचा हिशेब पाहता त्या मोकळिकीने अनेक वाईट वर्षे निभावली असती. मात्र त्या वेळच्या माणसाच्या जागी उभे राहून पाहिले तर आक्षेप घेणे अवघड जाते. शेजारच्या गावाने भिंत घातल्यावर आपण उघडे राहणे म्हणजे मुलाबाळांचा जीव पणाला लावणे. एका गावाचा शहाणपणा सगळ्या गावांनी एकाच वेळी केला, आणि प्रत्येकाची सुरक्षितता वाढून सर्वांची मिळून घटली.

दुसरी जागा टर्कीची. हा निर्णय कोणी सभेत घेतला नसणार. घरोघरी, वर्षावर्षाने तो होत गेला. ज्या घरात पूर्वी दोन पक्षी होते तेथे दहा झाले. येथे काय बदलता आले असते हे सांगणे सोपे आहे: घेवड्याचे क्षेत्र वाढवणे, पक्षी कमी ठेवणे, शिकारीचे रान काही वर्षे मोकळे सोडणे. पण वीस हजार माणसांच्या परिसरात शिकारीचे रान मोकळे सोडायला सर्वांनी मिळून कबूल व्हावे लागते, आणि तशी कबुली घेऊ शकेल अशी सगळ्या गावांवर चालणारी सत्ता येथे नव्हती. दक्षिणेकडील चाको खोऱ्यातील मोठी केंद्रे एके काळी असा काही दाब राखून असावीत. ती ११५०च्या आधीच ओसरली होती.

तिसरी जागा निघण्याच्या वेळेची. आधी निघालेल्या कुटुंबांच्या कणग्यांत मका होता, बियाणे होते, म्हातारी माणसे चालू शकत होती. १२७७ नंतर राहिलेल्यांच्या हाती ससे आणि रानातले बी उरले होते. दुष्काळाच्या पाच वर्षे आधी, सबंध गावाने ठरवून निघणे शक्य होते का? कदाचित होते. पण १२७१ मध्ये पिके ठीक होती, नवी खोली बांधणे चालू होते, आणि चांगल्या वर्षात घर सोडा म्हणणाऱ्याचे कोण ऐकतो? शिवाय निम्म्यांनी निघणे हे उरलेल्या निम्म्यांसाठी धोक्याचे होते, कारण बुरुजावर पहारा देणारे हात तेवढेच कमी होत. प्रत्येक जाणाऱ्या कुटुंबाने मागच्यांचा निर्णय अधिक अवघड आणि अधिक तातडीचा केला.

वेगळे काय करायला हवे होते, याचे त्यांचे स्वतःचे उत्तर नव्या गावांच्या जमिनीत वाचता येते. तेथे गावे मोठी आहेत, पण सामायिक चौकाभोवती बांधलेली आहेत. प्रत्येक कुटुंबाचा स्वतंत्र किवा गेला. साऱ्या गावात मोजकेच मोठे किवे राहिले. बुरूज गेले. आणखी एक लहान गोष्ट गेली. मेसा व्हर्डेच्या कुंभारणी पांढऱ्या अंगावर काळी नक्षी काढून, सपाट बुडाचा आणि एका कानाचा मग घडवत. आपल्या चहाच्या मगाशेजारी ठेवला तर चटकन वेगळा ओळखू येणार नाही असा तो असतो. उत्तर रिओ ग्रांदेच्या गावांत त्याच बायकांनी आणि त्यांच्या मुलींनी काळ्या-पांढऱ्या वाडग्यांचे काम चालू ठेवले, पण तसा मग पुन्हा घडवलेला दिसत नाही.